गवताचा पुतळा

'हातघाईवर येणें' हा वाक्प्रचार आपण आतां इतक्या सहजपणें वापरतों, कीं नगरपालिकेच्या सभेंतील दोन सभासदांची बाचाबाची सांगतांनाहि तो आपणांस पुरतो. ज्या प्रसंगावरून तो भाषेंत आला, तो प्रसंग मात्र आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलेला नाहीं, आणि पाहावा अशी इच्छाहि कोणी धरणार नाहीं. बाण संपले, गोळ्या संपल्या, मधलें अंतर सरलें, आणि एका माणसाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर येऊं लागला, म्हणजे जी लढाई होते ती हातघाईची. तींत शौर्य किती आणि क्रौर्य किती, याची चर्चा पुष्कळ झालेली आहे. मला विचार करावयाचा आहे तो त्या लढाईच्या शिक्षणाचा. लढाई अंगावर येऊन पडते. शिक्षण हें योजून, शांतपणें, सरकारी खर्चानें, सकाळच्या उन्हांत दिलें जातें. ज्या मुलाला 'कोणावर हात उचलूं नये' असें आईबापांनीं व मास्तरांनीं अठरा वर्षें बजावलें, त्याच मुलाला कांहीं आठवड्यांत माणसाच्या गळ्याचें, बरगडीचें आणि पोटाचें मर्मस्थान दाखवून 'येथें मार' म्हणून सांगावयाचें, हें कोणत्या अधिकारानें? आणि सांगणें भागच असेल, तर तें कोणत्या रीतीनें सांगितलें असतां शिकणारा माणूस राहतो?

पहिल्या प्रश्नाचा निकाल मी लवकर लावणार आहें. ज्याला स्वतंत्र राष्ट्र हवें, सरहद्द हवी आणि रात्रीं निर्धास्त झोंप हवी, त्यानें सैनिकाच्या हातांतील शस्त्राकडे पाहून नाक मुरडणें हा दांभिकपणा आहे. अहिंसेचें पूर्ण व्रत घेऊन त्याचें मोल स्वतःच्या प्राणानें चुकविण्यास जो सिद्ध आहे, त्याच्यापुढें मी नम्र आहें. हा लेख त्याच्यासाठीं नाहीं. पण आपण, म्हणजे असलीं मासिकें वाचणारीं सुशिक्षित कुटुंबें, त्या कोटींतील नव्हे. आपल्याला सैन्य हवें असतें. तें कसें तयार होतें एवढें मात्र पाहावयाला नको असतें. तेव्हां विचार करण्याजोगा प्रश्न दुसराच आहे.

या शिक्षणाचें आधुनिक काळांतील सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे संगिनीची कवायत. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यानें तिचा जवळजवळ एक पंथच बनविला. लांकडी चौकटींना गवतानें भरलेलीं पोतीं टांगलेलीं असत, कांहीं खंदकांत आडवीं टाकलेलीं असत. रंगरुटानें ओरडत धांवत यावें, पोत्यांत संगीन खुपसावी, ती जोर करून बाहेर ओढावी आणि पुढच्या पोत्याकडे धांव घ्यावी, असा क्रम असे. कर्नल कँपबेल नांवाच्या अधिकाऱ्याचें संगिनीच्या वृत्तीविषयींचें व्याख्यान त्या काळीं फार गाजलें होतें. सन १९१६ च्या वसंतांत, फ्रान्समधील फ्लिक्सेकूर येथील लष्करी शाळेंत, तें सीगफ्रीड ससून या तरुण इंग्रज कवीनें ऐकलें, आणि १९३० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तपर ग्रंथांत त्यानें त्याचें वर्णन करून ठेविलें आहे. वक्ता मोठा रंगेल, मधून मधून विनोदाची पेरणी करणारा. आणि विनोदाचा विषय, शत्रूच्या शरीरांत पोलाद कसें घालावें हा! व्याख्यान आटोपल्यावर ससून एकटाच टेकडीवरील रानांत जाऊन बसला. हा ससून कांहीं भित्रा नव्हता. त्याच वर्षीं त्याला शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळाला. जो खंदकांतून प्राणावर उदार होऊन बाहेर पडूं शकतो, त्यालाच त्या व्याख्यानानंतर झाडांचा सहवास हवासा वाटला, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते.

पुढचा भाग अधिक चमत्कारिक आहे. त्या युद्धांत रुग्णालयांत आलेल्या ब्रिटिश जखमींची जी मोजदाद ठेवण्यांत आली, तींत संगिनीच्या जखमा शेंकडा एकाहूनहि कमी भरल्या. संगिनीनें मेलेला माणूस रुग्णालयांत येत नाहीं हें खरें, आणि म्हणून हा आंकडा थोडा वाढवून घ्यावा. तरीहि तोफांच्या गोळ्यांपुढें आणि मशीनगनपुढें तो नगण्यच राहील. मग पोतीं फाडण्यांत इतके तास कां घालवावे? याचें उत्तर शिक्षक मोकळेपणानें देत असत. संगीन हें निमित्त होतें. फाडावयाचा होता तो रंगरुटाच्या मनांतील पडदा. समोरच्या माणसाला आपल्या हातानें मारतांना मन जेथें अडखळतें, तेथें तें अडखळूं नये, हा त्या साऱ्या ओरडण्याचा हेतु.

हा पडदा किती जाड असतो याबद्दल विद्वानांत वाद आहे. अमेरिकन लष्करी लेखक एस. एल. ए. मार्शल यानें १९४७ सालीं असें प्रतिपादिलें, कीं दुसऱ्या महायुद्धांत प्रत्यक्ष चकमकींत सांपडलेल्या पायदळांपैकीं शेंकडा १५ ते २५ सैनिकच आपली बंदूक चालवीत; बाकीचे गोळीबारांत उभे राहात, पळत नसत, पण मारीतहि नसत. पुढें १९८० नंतरच्या दशकांत अभ्यासकांनीं त्याच्या कामाची छाननी केली, तेव्हां या आंकड्यांना भक्कम आधार सांपडेना. आंकडा आपण खुशाल सोडून द्यावा. परंतु ज्या अर्थीं देशोदेशींचीं सैन्यें हा पडदा फाडण्यासाठीं इतका खटाटोप करीत आलीं आहेत, त्या अर्थीं तो आहे, एवढें अनुमान काढण्यास हरकत नसावी. नसलेली भिंत पाडण्यासाठीं कोणी सुरुंग लावीत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत हा सुरुंग प्रमाणाबाहेर भरला गेला. १९४१-४२ च्या सुमारास इंग्लंडांत 'बॅटल स्कूल' नांवाच्या शाळा निघाल्या. त्यांपैकीं कांहींत रंगरुटांना खाटिकखाने दाखविण्यास नेत, तेथील रक्त आणून संगिनीच्या कवायतींत शिंपडीत, आणि शिक्षक त्यांच्या कानांशीं द्वेषाचा घोष करीत. मे १९४२ मध्यें स्वदेशरक्षक सैन्याचा सरसेनापति जनरल पॅजेट यानें ही द्वेषाची शिकवण आणि हा रक्ताचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला. सैन्यांतील मानसवैद्यांचें मतहि प्रतिकूल होतें. असल्या प्रकारानें कित्येकांचें मन टणक होण्याऐवजीं खचतें, असें त्यांचें म्हणणें पडलें. ब्रिटिश स्वभावाला हें परकें आहे असाहि एक सूर त्या हुकुमामागें होता. ज्या देशांवर ब्रिटिशांचें राज्य होतें त्यांना या स्वभावाचा अनुभव नेहमींच आला असें नाहीं. पण तो विषय येथें नको. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं सिंगापूर पडून तीन महिने झालेले, रशियांत जर्मन फौजा उभ्या ठाकलेल्या, आणि अशा वेळीं एका सेनापतीनें 'आपल्या सैनिकाला इतकें बिघडवूं नका' असें म्हणावें. युद्ध जिंकण्यासाठीं वाटेल तें क्षम्य असतें असें जे दिवाणखान्यांत बसून म्हणतात, त्यांनीं हा हुकूम आठवावा.

तथापि मला या दोन्ही प्रकारांत खटकतें तें रक्त नव्हे, आणि आरडाओरडहि नव्हे. मला खटकतो तो पुतळा. गवताचा पुतळा कधीं शरण येत नाहीं. तो शस्त्र टाकीत नाहीं, हात वर करीत नाहीं, पाणी मागत नाहीं. रंगरूट त्याच्यावर शंभर वेळां धांवून जातो, आणि त्या शंभरांपैकीं एकाहि वेळीं त्याला थांबावें लागत नाहीं. आतां मारणें ही जशी शरीराची क्रिया आहे, तशी थांबणें ही देखील शरीराचीच क्रिया आहे. गणिताचा सिद्धान्त बुद्धीला एकदां पटला म्हणजे पुरे होतो. हाताचें तसें नसतें. हाताला जें पुनःपुन्हां करावयास लावावें तेंच त्याला येतें. १९०७ च्या हेगच्या नियमांतील तेविसावें कलम असें सांगतें, कीं शस्त्र टाकून शरण आलेल्या शत्रूला मारूं नये, आणि 'कोणालाहि जीवदान मिळणार नाहीं' अशी घोषणाहि करूं नये. हा नियम सैनिकाला शिकवितात. पण तो व्याख्यानाच्या खोलींत शिकवितात, बहुधा दुपारीं, सकाळच्या कवायतीनें अंग मोडून आलेलें असतांना. म्हणजे मस्तकाला नियम आणि हाताला संवय, अशी ही वांटणी झाली. प्रत्यक्ष प्रसंगीं, जेथें सारा व्यवहार दोन क्षणांत आटोपतो, तेथें या दोहोंपैकीं कोण आधीं धांवेल हें सांगावयास लष्करी तज्ज्ञ नको.

हेंच शिक्षण जिवंत सोबत्यावर दिलें, म्हणजे काय फरक पडतो तो आपल्या तालमींत पाहावा. तांबड्या मातींत उतरलेला पोरगा पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी एकाच वेळीं शिकत असतो: पकड घट्ट कशी करावी, आणि ती केव्हां सोडावी. समोरचा गडी त्याच्याच आळींतला असतो. त्याची मान किती वांकते आणि कोठें मोडेल, हें वस्तादानें सांगण्याआधींच बोटांना कळूं लागतें. पाठ लागली कीं कुस्ती संपते. त्यापुढें एक क्षणहि जोर करणें हा डाव समजत नाहींत, नीचपणा समजतात. दांडपट्ट्याचे खेळ ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना तळहातावर ठेविलेलें लिंबू दोन तुकडे होऊन पडतें आणि तळहाताला ओरखडाहि येत नाहीं, हा प्रकार ठाऊक आहे. प्रेक्षक टाळ्या वाजवितात त्या लिंबू कापल्याबद्दल नव्हे; लिंबू आमच्या घरांत सुरीनेंहि कापलें जातें. जपानांत जिगोरो कानो यानें १८८२ सालीं कोदोकान ही संस्था स्थापून जुन्या जुजुत्सूचें ज्यूदोंत रूपांतर केलें, तेव्हां त्यानेंहि हेंच केलें. जीवघेणे डाव मोकळ्या सरावांतून काढले. आणि प्रतिस्पर्ध्यानें हातानें थोपटून खूण केली कीं पकड तत्क्षणीं सुटते, हा दंडक तेथें पहिल्याच पाठांत अंगीं बाणतो.

यावर कोणी म्हणेल, कीं हे सारे खेळ झाले. युद्ध हा खेळ नव्हे. तर ज्यानें या विद्येंतील खेळाचा भाग समूळ काढून टाकला, त्याचेंच उदाहरण घेऊं. विल्यम फेअरबेर्न हा इंग्रज १९०७ मध्यें शांघायच्या पोलिसांत दाखल झाला, तेथें जुजुत्सू शिकला, आणि बंदरांतील गुंडांशीं झगडून त्यानें आपली एक निष्ठुर पद्धति बसविली. दुसऱ्या महायुद्धांत स्कॉटलंडच्या डोंगरांत त्यानें कमांडो सैनिकांना ती शिकविली. त्याच्या व साइक्स याच्या नांवानें ओळखली जाणारी अरुंद पात्याची कट्यार १९४१ पासून तयार होऊं लागली. सभ्यपणाचे सर्व संकेत विसरा, हा त्याच्या शिकवणीचा पाया. दयेला तींत जागा नव्हती. आणि तरी त्याच्याहि शाळेंत एक गोष्ट टळली नाहीं. डाव शिकावयाचा तो सोबत्याच्या अंगावर, आणि सोबती तर उद्यांच्या कवायतीला धडधाकट हवा! म्हणून घाव घशापाशीं येऊन थांबविणें त्याच्या शिष्यांनाहि शिकावें लागलेंच. अर्थात् एवढ्यानें कोणी साधु होत नाहीं. तालीमबाज गुंड कोणत्या गांवांत नाहींत? सोबत्यासाठीं आवरलेला हात शत्रूसाठीं आवरेल अशी हमी कोणी देऊं शकणार नाहीं. पण ज्या हाताला आवरणें मुळांतच ठाऊक नाहीं, त्याच्याकडून तें मागावयाचें तरी कोणत्या तोंडानें?

महाभारतकारांनीं हा भेद फार स्पष्टपणें दाखविला आहे, आणि तो नेमका युद्ध संपल्यानंतरच्या पर्वांत दाखविला आहे. युद्धाच्या आरंभीं दोन्ही पक्षांनीं नियम केले होते: पळणाऱ्याला, शस्त्र टाकलेल्याला, शरण आलेल्याला मारूं नये. त्या नियमांचें अठरा दिवसांत काय झालें तें आपण जाणतों. शेवटच्या रात्रीं अश्वत्थामा झोंपलेल्या छावणींत शिरला आणि धृष्टद्युम्नाला त्यानें लाथांनीं तुडवून मारलें. 'निदान शस्त्रानें तरी मार' ही त्याची विनवणीहि ऐकली नाहीं. हातघाईचें याहून भयंकर चित्र आपल्या वाङ्मयांत मला आढळलेलें नाहीं. पण खरा धडा त्यापुढें आहे. अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेहि एकमेकांवर ब्रह्मास्त्र सोडतात; नारद आणि व्यास मध्यें उभे राहतात; अर्जुन आपलें अस्त्र मागें घेतो, आणि अश्वत्थाम्याला तें मागें घेतां येत नाहीं. दोघांचा गुरु एकच. एकाला सोडणें आणि आवरणें दोन्हीं साधलीं होतीं. दुसऱ्याला अर्धीच विद्या आली होती, आणि तो तर प्रत्यक्ष गुरूचा मुलगा!

येथें एक रूढ समजूत तपासून पाहिली पाहिजे. हातानें मारणें रानटी आणि दुरून मारणें सुधारलेलें, असें आपण न बोलतां मानीत असतों. संगिनीच्या वर्णनानें आपल्या अंगावर शहारे येतात. विमानांतून खालीं पडलेल्या वस्तूची संख्या आणि वजन मात्र आपण चहा पितां पितां वाचतों. पण ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमांतील एखाद्या माणसाला शरण जावयाचें असतें, तर तो कोणाला शरण जाणार होता? आकाशांतील त्या यंत्राला त्याचे वर केलेले हात दिसणें शक्य नव्हतें. हातघाईंत क्रौर्य असेल, पण दयेला तेथें पत्ता आहे. समोर चेहरा आहे, आणि त्या चेहऱ्यावर भीति उमटली तर ती पाहणारे डोळे आहेत. हेगचा नियम पुस्तकांतून उतरून जेथें खरोखर पाळतां येतो किंवा मोडतां येतो, अशी जागा रणांगणावर फार थोडी उरली आहे; तीं पांच-सात पावलें. म्हणूनच त्या पावलांचें शिक्षण इतक्या बेफिकिरीनें गवतावर सोंपवावें, हें मला पटत नाहीं.

आतां या विचाराच्या विरुद्ध जो सर्वांत मोठा आक्षेप आहे, तो कोण्या तत्त्वज्ञाचा नाहीं; तो आपल्याच कोंकणांतील एका बावीस वर्षांच्या तरुणाचा आहे. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, पांचव्या मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. घाडगे यांच्याखेरीज तुकडींतील सारे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे धांवून गेले. हातबाँबनें त्यांनीं मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. काडतुसें बदलण्याला सवड नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्यानें ठार केलें. लगेच लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनीं ते स्वतः पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मिळाला. माणगांवास त्यांचा पुतळा आहे, आणि तो योग्यच आहे. त्या जागीं अर्धा क्षण थबकणारा माणूस काय करूं शकला असता? कांहींच नाहीं. ज्या शिक्षणानें हात थांबावयास शिकतो, त्या शिक्षणाची किंमत असा अर्धा क्षण असूं शकते, आणि ती किंमत प्राध्यापक देत नाहीं, रंगरूट देतो. तिकडे त्याची आई असते. तिनें मला विचारलें, कीं 'तुमच्या नियमासाठीं माझ्या पोराचा हात कां मंद करतां?' तर हेगचें कलम तिच्यापुढें वाचून दाखविण्याचें धैर्य मला होणार नाहीं.

आणि हा प्रश्न जुन्या युद्धांबरोबर संपला असेंहि नाहीं. २०१० सालीं अमेरिकेच्या लष्करानें रंगरुटांच्या प्राथमिक शिक्षणांतून संगिनीच्या धांवत्या हल्ल्याची कवायत काढून टाकली. सोबत्याशीं करावयाची झुंज मात्र ठेविली. कारण नैतिक नव्हतें, व्यवहाराचें होतें. पण गवत गेलें आणि माणूस राहिला, हें मला बरें वाटलें. त्याच देशाच्या मरीन दलानें २००१ पासून चालविलेल्या झुंजीच्या अभ्यासक्रमांत शरीराबरोबर मन आणि चारित्र्य यांचाहि पाठ घातला आहे; चारित्र्य पट्ट्याच्या रंगाबरोबर वाढत जातें कीं काय, याविषयीं मात्र मी साशंक आहें. आपल्याकडे तर १५ जून २०२० च्या रात्रीं गलवानच्या खोऱ्यांत जें घडलें, तें हातघाईचें युगच संपलें असें मानणाऱ्यांना निरुत्तर करणारें होतें. ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आंत गोळीबार करूं नये, असा भारत व चीन यांच्यांत १९९६ चा करार आहे. त्या रात्रीं दगड, दांडके आणि मुठी यांनीं, अंधारांत, थंडगार नदीच्या कांठीं झुंज झाली. कर्नल संतोष बाबू यांच्यासह आपले २० जवान मृत्यु पावले. चीननें आपले ४ मेल्याचें आठ महिन्यांनीं सांगितलें. बंदुकीला कुलूप घालणें हें दोन्ही राष्ट्रांचें शहाणपण होतें, यांत शंका नाहीं. पण त्या शहाणपणाचा सारा भार शेवटीं कोणाच्या मनगटांवर पडला? शांततेचे करार जितके वाढतील तितकी ही विद्या अनावश्यक होईल असें नाहीं. कदाचित् उलटेंच होईल.

तेव्हां घाडगे यांचा हात हवा आणि अर्जुनाचेंहि आवरणें हवें, ही अडचण खरी आहे, आणि ती मी शब्दांनीं सोडवूं शकत नाहीं. माझी सूचना लहानशी आहे. झुंजीच्या प्रत्येक सरावांत, केव्हां तें आधीं न सांगतां, सोबत्यानें एखाद्या वेळीं शस्त्र टाकून हात वर करावे. आणि रंगरूट किती वेगानें मारतो हें जसें मोजतात, तसें तो किती वेगानें थांबला हेंहि त्याच कागदावर मोजावें. गोळीबाराच्या सरावांत निशाण्यांमध्यें निःशस्त्र माणसाचीं चित्रें मिसळून ठेवण्याची रीत आहेच. येथें चित्राच्या जागीं माणूस असेल. कवाइती हवालदार याला आक्षेप घेईल. तो म्हणेल, कीं असा शिकलेला पोरगा दर वेळीं हात वर होण्याची वाट पाहील आणि बाकीच्या नऊ वेळां मरेल. हा आक्षेप मी हंसण्यावारीं नेत नाहीं. पण पट्टा फिरविणाऱ्याचा हात, खालीं तळहात आहे म्हणून मंद होत नाहीं. मंद झाला तर लिंबूच कापलें जाणार नाहीं. तो वेग आणि तो आवर एकाच मनगटांत येण्यास वर्षें लागलेलीं असतात, आणि समोर हात धरून उभें राहणारें कोणी तरी लागतें. रंगरुटाला इतकीं वर्षें मिळत नाहींत. तरी गवतापुढें जे तास जातात ते माणसापुढें जाऊं शकतील. त्यासाठीं शिक्षक अधिक लागतील, आठवडे अधिक लागतील, आणि सरावांत मोडलेल्या हाडांचा दवाखान्याचा खर्चहि वाढेल. तो संरक्षणखात्याच्या अंदाजपत्रकांत दिसेल, आणि वर्तमानपत्रांत तो वाचून आपणच पहिल्यानें कुरकुर करूं.